कॉस्टेन यांचे ११ रुग्ण : कानातला आवाज, डोकेदुखी आणि जबडा

सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे वाक्य तुम्ही नेट-सेटच्या तयारीत घोकलंच असेल. पण एकाच शोधनिबंधात निरीक्षण बरोबर आणि कारण चुकीचं निघालं तर? वैद्यकाच्या इतिहासातलं हे उदाहरण बघा.

जेम्स कॉस्टेन हे अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर. १९३४ मध्ये त्यांनी ११ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तक्रारी अशा : कानात आवाज येणं (म्हणजे टिनिटस), दडे बसणं, चक्कर आणि डोकेदुखी. कॉस्टेन यांनी बोट ठेवलं ते जबड्याच्या सांध्यावर. दाढा गेल्या की खालचा जबडा जास्तच वर मिटतो, सांध्यातलं हाड मागे सरकतं आणि जवळच्या मज्जातंतूंवर दाब येतो, असा त्यांचा तर्क. मग उपाय काय? कवळी बसवून किंवा दातांची उंची वाढवून जबडा पूर्वीच्या जागी आणायचा. या दुखण्याला पुढे 'कॉस्टेन सिंड्रोम' हेच नाव पडलं.

१९४८ मध्ये शरीररचनातज्ज्ञ हॅरी सिशर यांनी हा तर्क खोडला. ज्या मज्जातंतूंवर दाब येतो असं सांगितलं होतं, ते त्या हाडाखाली चिरडले जातील अशा जागी नाहीतच! १९५० च्या दशकात लक्ष दातांवरून चघळण्याच्या स्नायूंकडे वळलं.

मग कॉस्टेन यांचं सगळंच टाकून द्यायचं का? नाही. जबड्याचं दुखणं, डोकेदुखी आणि टिनिटस एकत्र दिसतात, हे पुढेही आढळत राहिलं. काही जणांनी दात आवळले की कानातला आवाज बदलतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असंही दिसलं, की चेहऱ्याच्या व जबड्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूचे संदेश मेंदूतल्या श्रवणकेंद्रकापर्यंत पोहोचतात. म्हणजे दुवा आहे, पण हाडाच्या दाबाचा नव्हे.

आता आपल्या कामाचं. कॉस्टेन यांच्याकडे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. टिनिटस आणि डोकेदुखी दोन्ही मुळात सर्रास आढळणाऱ्या तक्रारी, आणि दोन्ही आपोआप कमी-जास्त होतात. त्यामुळे 'उपचारानंतर बरं वाटलं' एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. तरीही त्या कारणावर विसंबून लोकांच्या दातांवर उपचार झाले, हे विसरू नका.

जुना निबंध वाचताना वहीत दोन रकाने करा : 'काय दिसलं' आणि 'का घडलं असावं'. सिशर यांनी खोडला तो दुसरा रकाना. पहिला अजून उपयोगी पडतोय.