बुऱ्हाणपूरचे कापड, सुरतेचे जहाज : जहाजदलाली व भाडेकराराची मूलतत्त्वे

प्रास्ताविक

बुऱ्हाणपूर आणि सुरत ही दोन्ही शहरे तापीकाठची. परंतु तापीतून माल सुरतेपर्यंत नेण्याची सोय नव्हती. बहादरपुर-बुऱ्हाणपूर परिसरातील कापड रावेर, चोपडा, थाळनेर, नंदुरबार, नवापूर या मार्गाने गाड्यांतून सुरतेस जाई व तेथून जहाजाने परदेशी रवाना होई. आपल्या महाविद्यालयांतून निर्यात व्यापार शिकविला जातो. मात्र जहाजात जागा कोण मिळवून देतो, भाडे कसे ठरते आणि उशीर झाल्यास त्याचा भुर्दंड कोणी सोसावा, या प्रश्नांपाशी आपण क्वचितच थांबतो. आपल्या परिसराच्या इतिहासाच्या आधारे हे प्रश्न समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दांची साक्ष

या व्यवसायाची परिभाषा अनेक भाषांतून आलेली आहे. 'दलाल' हा अरबी शब्द 'दलालत' म्हणजे वाट दाखविणे, निर्देश करणे याच्याशी संबंधित आहे. मध्यस्थासाठी असलेला दुसरा अरबी शब्द 'सिमसार' हा इटालियन भाषेत 'सेन्साले' या रूपाने स्थिरावला. 'नाखुदा' हा फारसी शब्द 'नाव' आणि 'खुदा' म्हणजे धनी यांपासून झाला. ऋतुवाचक अरबी 'मौसिम'पासून 'मान्सून' आला. जहाजाच्या भाडेकरारास इंग्रजीत 'चार्टर पार्टी' म्हणतात, त्याचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा अर्थ 'दुभागलेला कागद' असा आहे. एकच मजकूर दोनदा लिहून कागद मधोमध कापीत व एकेक भाग दोन्ही पक्षांकडे राही. वाद उद्भवल्यास दोन्ही कडा जुळवून पाहता येत.

दलालाचे कार्य

सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी टॅव्हर्निअर याने बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पोलंड आणि रशियापर्यंत जात असल्याचे नमूद केले आहे. इ.स. १६१५ मध्ये इंग्रज वकील सर टॉमस रो याने येथेच शाहजादा परवेझची भेट घेऊन वखारीची परवानगी मिळविली. एवढ्या दूरच्या बाजारपेठांशी येथील विणकराचा प्रत्यक्ष संबंध येणे शक्य नव्हते. विणकर, व्यापारी, जहाजमालक आणि परदेशी कंपनी यांना जोडणारा दुवा म्हणजे दलाल होय. सुरतेस इंग्रजांचे दलाल म्हणून भीमजी पारेख आणि पुढे पारशी गृहस्थ रुस्तम माणेक प्रसिद्धीस आले. मालाची पारख, भावाची बोलणी, उधारीची हमी ही कामे अशा दलालांकडे असत. जहाजमालकांत बोहरा व्यापारी मुल्ला अब्दुल गफूर (मृत्यू १७१८) यांचे नाव अग्रगण्य आहे. ३०० ते ८०० टनांची वीसहून अधिक जहाजे त्यांच्याकडे होती, असे हॅमिल्टन या समकालीन स्कॉटिश नाविकाने लिहिले आहे.

भाड्याचे प्रकार

आज जहाज भाड्याने घेण्याचे मुख्य प्रकार तीन आहेत. पहिला सफरीचा करार : एका बंदरातून दुसऱ्या बंदरात विशिष्ट माल न्यावयाचा आणि भाडे बहुधा टनामागे द्यावयाचे. यात इंधन व बंदराचा खर्च सामान्यतः जहाजमालकाचा असतो. दुसरा मुदतीचा करार : जहाज खलाशांसह ठराविक काळासाठी घ्यावयाचे, भाडे दिवसाप्रमाणे आणि इंधनाचा खर्च भाडेकऱ्याचा. तिसऱ्या प्रकारात रिकामे जहाज ताब्यात घेऊन कप्तान व खलाशी भाडेकऱ्यानेच नेमावयाचे असतात. जुन्या सुरतेत लहान व्यापारी संपूर्ण जहाज न घेता दुसऱ्याच्या जहाजात आपल्या गाठींपुरती जागा घेत. इ.स. १६२२ मध्ये होर्मुझ पोर्तुगीजांच्या हातून गेल्यानंतर इंग्रजांची जहाजेही हिंदी व्यापाऱ्यांचा माल भाड्याने इराणच्या बंदर अब्बासला नेऊ लागली.

वेळेची किंमत

भाडेकराराचा गाभा वेळ हा आहे. सुरतेहून मोखा व जेद्दाकडे जाणारी जहाजे साधारणतः मार्चमध्ये निघत आणि सप्टेंबरच्या सुमारास परतत. मार्चची जहाजे निघून गेल्यावर पोहोचलेल्या गाठींना पुढील मौसमाची वाट पाहणे भाग असे. आधुनिक करारात माल चढविण्या-उतरविण्यासाठी दिवस ठरवून दिलेले असतात. जहाज सज्ज असल्याची लेखी सूचना दिल्यावर, करारातील अटींप्रमाणे, त्यांची मोजणी सुरू होते. मुदत ओलांडल्यास भाडेकऱ्याने दररोजचा ठराविक आकार भरावयाचा, यास 'डेमरेज' म्हणतात. काम लवकर आटोपल्यास, करारात तशी तरतूद असेल तर, त्यालाच बक्षीस मिळते व ते बहुधा डेमरेजच्या निम्मे असते. कबूल केलेला माल न भरल्यास रिकाम्या राहिलेल्या जागेचेही भाडे द्यावे लागते. त्यास 'डेड फ्रेट' असे नाव आहे.

हे कलम का आवश्यक ठरते, हे आपल्याच परिसराच्या इतिहासातून स्पष्ट होते. नोव्हेंबर १६३० मध्ये पीटर मंडी हा इंग्रज सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे आला, तेव्हा दुष्काळाने मेलेल्यांची प्रेते त्याला वाटेत जागोजागी दिसली. त्या दोन वर्षांत विणकर देशोधडीला लागले आणि सुरतेच्या कापडाच्या व्यापाराचा कणाच मोडला. पुढे १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने बहादरपुर लुटल्याचे वर्णन खाफीखानाने केले आहे. दोन्ही प्रसंगी संकट समुद्रावरचे नव्हते. माल बंदरावर पोहोचण्यापूर्वीच ते कोसळले होते. अशा वेळी नुकसान मालवाल्याचे की जहाजवाल्याचे, हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर दुबळ्या पक्षालाच ते सोसावे लागते. म्हणूनच सौदा जुळविण्याबरोबर जोखमीची वाटणी आधीच स्पष्ट करून घेणे, हे चांगल्या दलालाचे खरे कार्य ठरते.

आधुनिक स्वरूप

लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजचा उगम १७४४ च्या सुमारास एका कॉफीगृहात झाला. 'आमचा शब्द हाच आमचा करार' हे त्याचे ब्रीद आहे. जहाजदलालांच्या तेथील व्यावसायिक संस्थेस १९२० मध्ये राजसनद मिळाली. सफरीच्या करारांसाठी 'जेन्कॉन' हा छापील नमुना १९२२ पासून प्रचारात असून त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत आल्या आहेत. दलाली बहुधा भाड्याच्या सव्वा टक्का असते आणि ती सामान्यतः जहाजमालक देतो. दलाल स्वतः माल विकत घेत नाही, जहाजही बाळगीत नाही. अचूक माहिती आणि दिलेला शब्द हेच त्याचे भांडवल.

समारोप

आज आपल्या बोलीत 'दलाल' हा शब्द बव्हंशी निंदेनेच वापरला जातो. काही व्यक्तींच्या लबाडीमुळे एका सबंध व्यवसायाचा अर्थ झाकोळला गेला आहे. यंत्रमागाच्या या शहरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कापडाचा भाव कळतो, परंतु जहाजभाड्याचा हिशेब आणि डेमरेजचे कलम वाचता येत नाही. त्यामुळे बंदरावरच्या व्यवहारात तो परक्यावर अवलंबून राहतो. वाणिज्य, इतिहास आणि भाषा या तिन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी मिळून एखादा छापील भाडेकरार वर्गात वाचून घेतला, त्यातील प्रत्येक कलमामागचा धोका विद्यार्थ्यांना शोधावयास लावला, तर हे परावलंबन कमी होईल. करार वाचता येणाऱ्याला फसविणे अवघड असते.