वाशिंदचा पत्रा आणि जगाची हवा

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याण ओलांडून वाशिंदपर्यंत आली आणि काही वर्षे लोहमार्ग तेथेच खोळंबून राहिला. घाट फोडून इगतपुरी गाठण्यास १८६५ साल उजाडले. त्या मार्गाचे रूळ विलायतेहून आलेले होते. पुढे सव्वाशे वर्षांच्या आतच त्याच वाशिंदला उलटी गंगा वाहू लागली. १९८२ मध्ये जिंदल आयर्न अँड स्टील कंपनीने तेथे कारखाना उभारला. २००५ मध्ये ही कंपनी जेएसडब्ल्यू स्टीलमध्ये समाविष्ट झाली. अन्यत्र तयार झालेल्या पोलादाची जाड कॉइल आणून, ती थंड अवस्थेत लाटून, तिच्यावर जस्ताचा मुलामा वा रंग चढवून पत्रा बाहेर पाडावयाचा, हा तेथील मुख्य व्यवसाय. हा पत्रा समुद्रापार जाऊ लागला आणि आता समुद्रापारचा गिऱ्हाईक किंमत व जाडी यांखेरीज आणखी एक प्रश्न विचारतो : तो घडविताना हवेत कर्बवायू किती सुटला?

हा प्रश्न वाशिंदच्या फाटकाशी कसा येऊन पोहोचला, याचा इतिहास मनोरंजक आहे. हवामान बदलाविषयीचा मूळ करार १९९२ साली रिओ येथे मांडला गेला, तो राष्ट्राराष्ट्रांमधला. व्यापाऱ्यास तेथे मत नाही; तो केवळ निरीक्षक. उद्योगधंद्यांचा एक मान्य निरीक्षक-गट असून, १९१९ साली स्थापन झालेली पॅरिसची आंतरराष्ट्रीय व्यापारी संघटना त्याच्या वतीने बोलते. परंतु ज्यास मत नाही त्यास वजन नाही, असे मानणारा मनुष्य दरबाराच्या रीतीशी अपरिचितच म्हणावा लागेल.

हे वजन प्रथम पडले ते अडविण्याच्या बाजूस. अमेरिकेतील तेल, कोळसा व मोटारींच्या कंपन्यांनी १९८९ मध्ये ‘ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन’ नावाची आघाडी उभारली आणि शास्त्रज्ञांचे निष्कर्ष अद्याप संशयित आहेत, असा प्रचार चालविला. जुलै १९९७ मध्ये अमेरिकेच्या सेनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला की, विकसनशील देशांवरही त्याच कालावधीत बंधन घातल्यावाचून कोणताही करार स्वीकारू नये. त्याच डिसेंबरात क्योटोचा करार झाला, पण अमेरिकेने त्यास मान्यता दिली नाही. ती आघाडी २००२ मध्ये विसर्जित झाली. तोवर तिचे काम बहुतांशी झालेले होते! सारेच व्यापारी मात्र एका पंगतीत बसले नव्हते. स्वित्झर्लंडचे उद्योगपती स्टेफान श्मिडहाइनी यांनी रिओच्या परिषदेसाठी उद्योजकांचे निराळे मंडळ जमविले, आणि वादळांची भरपाई करून त्रासलेल्या विमा कंपन्या तर कडक करारच मागू लागल्या. ज्याची तिजोरी जिकडून गळते, तिकडे त्याची दृष्टी आधी जाते.

हिंदुस्थानी उद्योग या दरबारात उशिरा शिरला, आणि त्याचे कारण उघड आहे. हवेत साठलेला धूर प्रामुख्याने श्रीमंत राष्ट्रांचा. जबाबदारी सर्वांची असली तरी ती सारखी नव्हे, ही भारताची भूमिका रिओच्या करारात मान्य झाली होती. क्योटोने भारतीय कारखान्यांवर काहीच बंधन घातले नाही. ज्यास देणे नाही, तो सावकाराच्या ओसरीवर कशाला बसेल? पण त्याच करारात एक योजना होती : गरीब देशात कर्बवायूची बचत करावी आणि त्या बचतीचे प्रमाणपत्र श्रीमंत देशास विकावे. तेव्हा मात्र आमची मंडळी जागी झाली. सातारच्या वनकुसवड्याच्या पठारावरील पवनचक्क्यांसारख्या कामांना तिने नवे गिऱ्हाईक दिले. कर्नाटकातील तोरणगल्लू येथे जेएसडब्ल्यूच्या भट्ट्यांतून वाया जाणाऱ्या वायूपासून केलेली वीजही या योजनेत नोंदली गेली. परंतु सर्वांत सोपा पैसा मिळाला तो शीतकरणाच्या रसायनांच्या कारखान्यांस. तेथे निघणारा एक उपवायू कर्बवायूहून हजारो पटींनी प्रखर असतो. तो जाळण्यास खर्च थोडा आणि प्रमाणपत्रे अमाप. युरोपने २०१३ मध्ये ती प्रमाणपत्रे नाकारली, हे योग्यच झाले.

२०१५ च्या पॅरिस करारानंतर हवा पालटली. बंधनाऐवजी वचनांचे युग आले आणि वचन देण्यास उद्योगपती हौसेने पुढे सरसावले. २०१८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या जागतिक हवामान परिषदेच्या सहअध्यक्षांत आनंद महिंद्र होते. त्यांचा इगतपुरीचा कारखाना वाशिंदच्याच लोहमार्गावर, घाटाच्या माथ्यावर आहे. पुढच्याच वर्षी भारत व स्वीडन यांनी अवजड उद्योगांसाठी संयुक्त गट स्थापिला. त्यात सरकारांबरोबर कंपन्याही सभासद झाल्या. २०२१ मध्ये जागतिक पोलाद संघटनेचे अध्यक्षपद प्रथमच भारताकडे, सज्जन जिंदल यांच्याकडे आले. निरीक्षकाच्या बाकावरून व्यापारी मुख्य बैठकीजवळ सरकला होता.

नेमक्या याच वेळी युरोपने निराळाच डाव टाकला. १ ऑक्टोबर २०२३ पासून आयात पोलादाच्या कर्बवायूची नोंद आणि १ जानेवारी २०२६ पासून त्यावर प्रत्यक्ष आकार, असा कायदा त्याने केला. यात वाशिंदचा पेच असा की, तेथे लोखंड वितळविणारी भट्टी नाही. पण पत्र्याच्या हिशेबात मूळ कॉइल घडविताना जळालेला कोळसाही धरला जातो. भारतात एक टन कच्च्या पोलादामागे सुमारे अडीच टन कर्बवायू सुटतो. जगाची सरासरी दोन टनांच्याही खाली आहे. याचे कारण आळस नव्हे : आपल्याकडे मोडीचे लोखंड अपुरे आणि नैसर्गिक वायू महाग, म्हणून कोळसा. जेएसडब्ल्यूने २०३० पर्यंत १.९५ टनांवर येण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. एवढ्या मोठ्या संस्थेस हिशेबनीस, तपासनीस, नवी यंत्रे सारे परवडते. खरी ओढाताण होते ती बाजारातून पोलाद विकत घेऊन त्याचे नट-बोल्ट घडविणाऱ्या लहान कारखानदाराची. त्याच्याजवळ तपासलेला आकडा नसेल, तर युरोप स्वतःचा ठोकळ आकडा लावतो आणि तो सहसा चढाच असतो.

भारत, चीन, ब्राझील व दक्षिण आफ्रिका यांनी २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत हा एकतर्फी व्यापारी उपाय चर्चेस घेण्याची मागणी केली. २०२५ मध्ये ब्राझीलमधील बेलेम येथे त्यावर पुढील बैठकांत संवाद व्हावा, एवढे ठरले. त्या संवादात मोठ्या कंपन्यांचे प्रतिनिधी असतील. नट-बोल्टवाल्याच्या नावाची पाटी तेथे अद्याप लागलेली नाही. इकडे कॉइलबरोबर आता वजनाच्या पावतीखेरीज धुराचा दाखलाही यावा लागतो.