अमरकोश आणि महाकाव्यवाचनाची शब्दसंपदा : वाई, औंध, सांगली

अमरकोश व महाकाव्यवाचन : रामायण-महाभारत आणि कालिदास, भारवी, माघ यांची महाकाव्ये मुळातून वाचायला लागणारे शब्द मिळवण्याची महाराष्ट्रातली जुनी, रुळलेली वाट. रूपावली, समासचक्र, अमरकोश आणि मग ‘रघू’, म्हणजे कालिदासाचा रघुवंश, हा पाठशाळेतला क्रम कृष्णाकाठी पिढ्यान्‌पिढ्या चालला. वाई, औंध आणि सांगली या तीन ठिकाणी संस्कृत काव्याशी नाते जोडणारी मोठी कामे झाली, म्हणून ही नोंद त्या परिसराच्या अंगाने लिहिली आहे. काव्यात कोणता शब्द किती वेळा येतो हे मोजून तयार केलेल्या याद्या आज सहज मिळतात आणि त्यांचा उपयोगही होतो. पण महाकाव्याचा शब्द एकटा येत नाही, त्याच्यामागे सगळे गोत उभे असते. ते गोत एकत्र पाठ करवून घेणारा ग्रंथ म्हणून अमरकोशाची जागा आजही दुसऱ्या कशाने भरून निघालेली नाही.

ग्रंथाचे खरे नाव ‘नामलिंगानुशासन’. म्हणजे नामे आणि त्यांची लिंगे सांगणारे शास्त्र. कर्ता अमरसिंह. त्याचा काळ अभ्यासक चौथ्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान ठेवतात. तो बौद्ध होता असे परंपरा मानते. स्वर्गवर्गात देव आणि असुर यांच्या सामान्य नावांनंतर बुद्धाची नावे येतात आणि ब्रह्मा-विष्णूंची त्यानंतर, हे या समजुतीला धरूनच आहे. सुमारे १,५०० अनुष्टुभ श्लोक, सुमारे १०,००० शब्द आणि तीन कांडे, म्हणून ‘त्रिकांड’ हे दुसरे नाव. पहिल्या कांडात स्वर्ग, व्योम, दिक्, काल, धी, शब्दादी, नाट्य, पातालभोगी, नरक आणि वारी हे वर्ग. दुसऱ्यात भूमी, पुर, शैल, वनौषधी, सिंहादी, मनुष्य आणि मग चार वर्णांचे वर्ग. तिसऱ्यात विशेषणे, अनेकार्थी शब्द, अव्यये आणि लिंगविचार. शब्द वर्णक्रमाने न लावता विषयवार लावलेले आहेत. त्यामुळे हा कोश शब्द अडला की उघडण्यासाठी नव्हे, काव्य उघडण्याआधी तोंडपाठ करण्यासाठी आहे.

अमरसिंहाने श्लोकाच्या अरुंद जागेत काय काय बसवले आहे ते पाहण्यासारखे आहे. शब्दाचे लिंग तो बहुतेक ठिकाणी रूपावरून कळू देतो, काही ठिकाणी शेजारच्या शब्दाच्या संगतीवरून, आणि रूप फसवे असेल तिथे ते स्पष्ट सांगतो. एक गट संपून दुसरा कुठे सुरू होतो हे ‘तु’ आणि ‘अथ’ या दोन छोट्या अव्ययांवरून ओळखायचे, असा नियम तो आरंभीच घालून देतो. पत्नी या अर्थाचा ‘दार’ शब्द पुल्लिंगी आणि नेहमी अनेकवचनी, त्याच अर्थाचा ‘कलत्र’ नपुंसकलिंगी, पाणी या अर्थाचा ‘अप्’ स्त्रीलिंगी आणि तोही नित्य अनेकवचनी. रघुवंश वाचताना एखादे विशेषण कोणत्या नामाचे हे ठरवायला हीच माहिती लागते, कारण संस्कृत काव्यात विशेषण आणि विशेष्य यांच्यामध्ये अर्धा श्लोक सहज जातो.

एक गट जवळून पाहू. वारिवर्गात पाण्याची पंचवीसहून अधिक नावे आहेत. त्यांतली जल, वारी, सलिल, उदक, तोय, नीर, अंबू, पयस् ही मराठी वाचकाला कानावरून माहीत असतात. आता त्यांच्यापुढे ‘ज’ ठेवला की कमळ होते : जलज, वारिज, नीरज, अंबुज. ‘द’ ठेवला की ढग : जलद, वारिद, नीरद, तोयद, अंबुद. ‘धि’ ठेवला की समुद्र : जलधी, वारिधी, अंबुधी, पयोधी. ‘धर’ ठेवला की पुन्हा ढग. मात्र ‘पयोधर’ म्हणजे स्तनही, कारण पयस् म्हणजे दूधसुद्धा. आठ शब्द आणि चार शेपट्या एवढ्या भांडवलावर तीसेक शब्द हाती येतात, आणि कवीने उद्या नवा जोड घडवला तरी तो आपोआप सुटतो. याच गटात ‘वन’ हेही पाण्याचे नाव आहे. म्हणून काव्यात ‘वनज’ आला आणि भोवती सरोवर असले तर तो रानातला कोणी नसून कमळ असतो. ज्याने वारिवर्ग पाठ केला आहे तो इथे अडखळत नाही. केवळ मराठीच्या भरवशावर वाचणारा हमखास चुकतो.

इतके समानार्थी शब्द कशाला, या प्रश्नाचे उत्तर छंदात आहे. डोंगराला ‘गिरि’ म्हटले की दोन लघू मिळतात, ‘शैल’ म्हटले की गुरू आणि लघू, ‘पर्वत’ म्हटले की एक गुरू आणि दोन लघू, ‘महीधर’ म्हटले की लघू, गुरू आणि पुन्हा दोन लघू. अर्थ तोच, माप वेगळे. लॅटिन महाकाव्यातही हेच घडले. सेनापतीसाठी रोजचा शब्द ‘इंपेरातोर’. पण त्यात दोन दीर्घांच्या मध्ये एक ऱ्हस्व अडकल्यामुळे तो षट्पदी वृत्तात बसतच नाही. म्हणून व्हर्जिल ‘दुक्तोर’ किंवा ‘रेक्स’ वापरतो. गद्यातली तलवार ‘ग्लाडियुस’, काव्यातली बहुधा ‘एन्सिस’. जहाजाला तो ‘नाविस’ म्हणतो, तसेच तळकण्यावरून ‘कारिना’ आणि मागच्या टोकावरून ‘पुप्पिस’ही म्हणतो. समुद्राला ‘मारे’, ‘एक्वोर’, ‘फ्रेतुम’ आणि ग्रीकांकडून घेतलेले ‘पोंतुस’, ‘पेलागुस’. यांतला ‘एन्सिस’ आणि अमरकोशाच्या क्षत्रियवर्गातला ‘असि’ एकाच मुळाचे आहेत, तसेच ‘नाविस’ आणि ‘नौ’, ‘रेक्स’ आणि ‘राजन्’. व्हर्जिलचे एनीड हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही आधी तलवार, जहाज आणि समुद्र यांचे गट बांधावे लागतात. रोमकडे मात्र ते गट श्लोकात ओवून मुलांकडून म्हणवून घेणारा अमरसिंह नव्हता.

युद्धवर्णनांसाठी क्षत्रियवर्ग अनिवार्य. राजा, अमात्य, हत्ती, घोडा, रथ, धनुष्य, बाण, रण असा त्याचा विस्तार आहे. बाणाची शर, इषु, विशिख, मार्गण, पत्री, आशुग, खग अशी नावे त्यात येतात; त्यांतला ‘खग’ पक्षीही होतो आणि ‘आशुग’ वाराही. सेनेची मोजदादही तिथेच आहे. एक हत्ती, एक रथ, तीन घोडे आणि पाच पायदळ मिळून एक ‘पत्ति’. तिची तिप्पट सेनामुख, आणि याच हिशेबाने पुढे गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. दहा अनीकिनी म्हणजे एक अक्षौहिणी : २१,८७० हत्ती, तितकेच रथ, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. भारती युद्धातल्या अठरा अक्षौहिणी हा आकडा आपण सारेच लहानपणापासून ऐकतो. त्याचा अर्थ हा हिशेब केल्यावर कळतो.

खरी कसोटी तिसऱ्या कांडातल्या नानार्थवर्गात लागते. ‘हरि’ म्हणजे विष्णू, इंद्र, यम, वायू, चंद्र, सूर्य, सिंह, घोडा, पोपट, साप, बेडूक आणि वानर. वाल्मीकिरामायणात किष्किंधेनंतर ‘हरि’ आला की बहुधा वानर समजावा, आणि ‘हरीश्वर’ म्हणजे सुग्रीव. ‘शिलीमुख’ बाण आणि भुंगा, ‘द्विज’ ब्राह्मण, पक्षी आणि दात, ‘नग’ डोंगर आणि झाड. श्लेष रचणारे कवी याच वर्गावर जगतात.

मराठी वाचकाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या घरात आणि शाळेच्या हजेरीपटात अर्धा अमरकोश नांदत असतो : दिवाकर, प्रभाकर, भास्कर, मार्तंड, मिहिर, रवी, सविता, आदित्य ही सगळी दिक् वर्गातली सूर्याची नावे. धोका आहे तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा. संस्कृतातला ‘राग’ म्हणजे रंग किंवा आसक्ती, ‘चेष्टा’ म्हणजे हालचाल, ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण. नायिकेच्या मुखावरचा राग वाचून ती रागावली असे समजणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात असतात. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतो. ओळखीच्या शब्दासाठी उघडत नाही, आणि घात तिथेच होतो.

अमरकोशाचा फायदा पुढच्या पायरीवर आणखी स्पष्ट होतो. रघुवंश, कुमारसंभव, किरातार्जुनीय, शिशुपालवध आणि नैषधीयचरित ही पंचमहाकाव्ये मल्लिनाथासारख्या टीकाकाराचा हात धरून वाचायची, आणि मल्लिनाथ पावलोपावली अमराचे चरण उद्धृत करून ‘इत्यमरः’ म्हणतो. ज्याला ते चरण पाठ आहेत त्याला टीका वाचणे म्हणजे उजळणी असते. ज्याला नाहीत त्याला टीकेसाठी आणखी एक टीका लागते. माघाचे पहिले नऊ सर्ग झाले की भाषेत नवा शब्द उरत नाही, असे पंडित म्हणत आले. खुद्द अमरकोशावरही मोठे टीकावाङ्मय आहे. क्षीरस्वामीची टीका अकराव्या शतकातली, सर्वानंदाचे ‘टीकासर्वस्व’ ११५९ चे, आणि भट्टोजी दीक्षितांचे पुत्र भानुजी दीक्षित यांची ‘रामाश्रमी’ सतराव्या शतकातली. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते यांच्या नावावरचा ‘राजव्यवहारकोश’ झाला, तोही याच घाटाचा : राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे दहा वर्ग, आणि फार्सी शब्दांना श्लोकबद्ध संस्कृत पर्याय.

वाई. विसाव्या शतकाच्या आरंभी नारायणशास्त्री मराठे, पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी इथे प्राज्ञपाठशाळा उभी केली. १९१७ मध्ये विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन याच पाठशाळेत उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकायला आले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) इथेच घडले. पाठशाळेचे मुख्य लक्ष शास्त्रांकडे होते. पण शास्त्राच्या दारात काव्य आणि काव्याच्या दारात कोश, ही जुनी रीत. त्या मातीतून निघालेली कामे पाहिली की कोशरचना हा या गावाचा धर्मच वाटतो : धर्मकोश, मीमांसाकोश, आणि पुढे लक्ष्मणशास्त्रींच्या नेतृत्वाखालचा मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. वाईजवळ भोगाव येथे वामन पंडितांची समाधी आहे. त्यांची यमकबद्ध मराठी कविता आणि मोरोपंतांच्या आर्या वाचणाऱ्यालाही वर सांगितलेलेच शब्दगट लागतात. पंडिती काव्य आज दुर्बोध वाटते त्याचे मोठे कारण ही तयारी सुटली हे आहे. कवींना उगाच दोष दिला जातो.

औंध. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातले हे गाव एका संस्थानाची राजधानी होते, आणि आटपाडी, कुंडल हे आजच्या सांगली जिल्ह्यातले भाग त्याच संस्थानात होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. रामायणाची चित्रमालिका त्यांनी स्वहस्ते रंगवली. १९१८ मध्ये त्यांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या सचित्र आवृत्तीसाठी एक लाख रुपये देण्याचे जाहीर केले. त्या बळावर १९१९ मध्ये सुरू झालेली चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये १९ खंडांत पुरी झाली. या आवृत्तीच्या तळटिपा शब्दसंग्रहाच्या अभ्यासकाने अवश्य चाळाव्यात. हस्तलिखितांतले असंख्य पाठभेद म्हणजे एका समानार्थी शब्दाच्या जागी त्याच मापाचा दुसरा. लेखनिकाच्या डोक्यात शब्दांचे गट पक्के होते आणि नक्कल करताना हात चुकला तरी अर्थ आणि छंद शाबूत राहिला, याचा हा लेखी पुरावाच आहे. त्याच काळात पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८) औंधला आले आणि स्वाध्याय मंडळ चालवू लागले. त्यांचे ‘संस्कृत स्वयंशिक्षक’ गुरूवाचून घरी शिकणाऱ्यासाठी आहे. पाठांतराची सक्ती न करता सोप्या वाक्यांतून शब्द रुजवण्याची त्यांची रीत. ज्यांच्या घराण्यात संथा नव्हती अशांना या पुस्तकाने आत येऊ दिले.

संथा कोणाला मिळाली नाही, हा मुद्दा टाळून चालणार नाही. अमरकोशाची संथा शतकानुशतके ठरावीक जातींतल्या मुलग्यांनाच मिळाली. मुली आणि बहुजन समाज तिच्याबाहेर राहिला. कोशाचे दुसरे कांडही समाजाला चार वर्णांच्या कप्प्यांत बसवते. शब्दांची संपत्ती घ्यावी, ती वाटण्याचा जुना हिशेब घेऊ नये. वाईच्याच लक्ष्मणशास्त्रींनी अस्पृश्यतानिवारणाच्या कामात गांधीजींच्या बाजूने शास्त्राधार मांडले, हे इथे नोंदवले पाहिजे.

सांगली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ सादर केले. मराठी रंगभूमीचा आरंभ रामकथेने झाला, म्हणजे शिवधनुष्य, जनक, दशानन ही महाकाव्याची शब्दसृष्टी संस्कृत न शिकलेल्या प्रेक्षकाच्याही कानात बसलेली होती. कीर्तन, पुराण आणि आख्यानकाव्य यांनी ती बसवली. १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय काढले. याच सोसायटीच्या संस्थापक वर्तुळातले वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा. महाविद्यालयीन विद्यार्थी अमरकोशाकडून आपट्यांकडे वळला. वर्णक्रमाच्या कोशाने सोय झाली यात शंका नाही, पण शब्द शोधेपर्यंत श्लोकाची लय हातची जाते. दोन्ही साधने जवळ असावीत : आधी अमर, अडल्यावर आपटे.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने संपूर्ण कोशाचा धसका घेऊ नये. रघुवंशासाठी वारी, शैल, दिक् आणि क्षत्रिय हे वर्ग आधी करावेत, वनौषधी आणि सिंहादी वाचता वाचता करावेत, नानार्थवर्ग सर्वांत शेवटी. चौथा सर्ग, म्हणजे रघूचा दिग्विजय, या भागातल्या वाचकाने आवर्जून पहिल्यांदा घ्यावा. त्यात रघूची सेना सह्याद्रीला भिडते आणि अपरांतात उतरते. समुद्र मागे सरल्यामुळे उघडा पडलेला सह्य कालिदासाला पृथ्वीचा नितंब वाटतो. अमरकोशाच्या शैलवर्गात हिमवान, निषध, विंध्य, माल्यवान, पारियात्र, गंधमादन, हेमकूट ही पर्वतनामे आहेत. सह्य तिथे नाही. ते नाव विद्यार्थ्याने वहीत आपल्या हाताने त्या यादीखाली लिहून घ्यावे.