बलात्कारविरोधी चळवळ, मुंबईतील
बलात्कार व अन्य लैंगिक अत्याचारांविषयी समाजजागृती करणे, तत्संबंधीच्या कायद्यात सुधारणा घडवून आणणे आणि अत्याचारग्रस्त स्त्रीस वैद्यकीय, कायदेविषयक व मानसिक आधार देणे या हेतूंनी मुंबईत झालेले संघटित प्रयत्न. या प्रयत्नांना १९८० मध्ये चळवळीचे रूप आले. केवळ निषेधावर न थांबता नित्याच्या साहाय्याकडे झालेली वाटचाल हे या चळवळीचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी : परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने लैंगिक अत्याचार केला. साखळीने गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूस कायमची इजा झाली. आरोपीस शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न व चोरी या गुन्ह्यांबद्दल. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवण्यातच आला नव्हता. या घटनेनंतर परिचारिकांनी संप केला. पुढे १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सु. ४२ वर्षे, या रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निर्णयात तिची प्रशंसा केली आहे.

चळवळीस तात्कालिक निमित्त झाले ते विदर्भातील ‘मथुरा प्रकरण’. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने आरोपींना १९७४ मध्ये निर्दोष ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७८ मध्ये त्यांची पुन्हा मुक्तता केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या व तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या विधिशिक्षकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले व भीतीपोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, असे प्रतिपादन केले.

संघटन व कायदेसुधारणा : या पत्राने प्रेरित होऊन जानेवारी १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला, पुढे तो नारी अत्याचार विरोधी मंच या नावाने ओळखला जाऊ लागला. ८ मार्च १९८० रोजी मुंबईसह अनेक शहरांत स्त्रियांनी निदर्शने करून खटल्याच्या फेरविचाराची मागणी केली. ती मान्य झाली नाही. तथापि १९८३ च्या दुरुस्ती कायद्याने पोलीस कोठडी व तत्सम ठिकाणच्या बलात्कारास किमान १० वर्षांची शिक्षा ठरली. अशा खटल्यांत, संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास तसे गृहीत धरण्याची तरतूद झाली आणि अत्याचारग्रस्त स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे दंडनीय ठरले. याच काळात स्त्री मुक्ती संघटनेने (स्थापना १९७५) ज्योती म्हापसेकर यांच्या मुलगी झाली हो (१९८३) या नाटकाद्वारे स्त्रीच्या दुय्यमत्वाचा प्रश्न वस्त्यावस्त्यांत नेला.

साहाय्यकार्य : कायदा बदलला, तरी पोलीस ठाण्याची पायरी एकटीने चढणे स्त्रीस अवघडच होते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये क्रॉफर्ड मार्केटजवळील पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. नंतर दादर येथेही तो सुरू झाला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारातच बसून तक्रार नोंदविणे, निवारा मिळवून देणे व समुपदेशन करणे ही कामे करतात. कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी त्यांत प्रमुख असतात. रुग्णालयीन तपासणीतील ‘दोन बोटांची चाचणी’ स्त्रीच्या खाजगीपणाचा भंग करते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती वर्ज्य ठरविली. महाराष्ट्र शासनाने २ ऑक्टोबर २०१३ पासून अर्थसाहाय्य व पुनर्वसनासाठी मनोधैर्य योजना सुरू केली.

मूल्यमापन : महालक्ष्मी येथील बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात ऑगस्ट २०१३ मध्ये एका छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. तिने तत्काळ तक्रार केली. त्यानंतर, तेथेच जुलैमध्ये अत्याचार झालेली दुसरी तरुणी पुढे आली व दोन्ही खटल्यांत शिक्षा झाल्या. एकीच्या बोलण्याने दुसरीस बळ मिळते, हे यातून दिसून आले. चळवळीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत प्रौढ पत्नीवरील पतीच्या बलात्कारास गुन्ह्यातून वगळणारा अपवाद कायम राहिला. परळच्या परिचारिकांनी कोणत्याही कायद्याच्या आदेशाविना जे सातत्य दाखविले, ते चौकी, रुग्णालय व न्यायालय यांच्या दैनंदिन व्यवहारात कितपत उतरते, यावरच या चळवळीचे यश अवलंबून आहे.