सा हलतो कशाने? ऑसिलेटर, म्हैसूर आणि तंबोऱ्याचा डबा

आजचा विषय ऑसिलेटर. नाव परकं वाटेल, पण वस्तू ओळखीची आहे. गायनाच्या क्लासमध्ये कोपऱ्यात जो तंबोऱ्याचा डबा गुणगुणत असतो, त्याच्या पोटात सुरुवातीच्या काळात हाच असे.

घरगुती ऑसिलेटरची गोष्ट आमच्या म्हैसूरमध्ये १९३५ पासून सांगता येते. महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी त्या वर्षी राहत्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केलं. प्रक्षेपक अवघा ३० वॅटचा, म्हणजे एका मंद दिव्याएवढा. केंद्राचं नाव 'आकाशवाणी'. पुढे तेच नाव देशाच्या रेडिओला मिळालं.

आता प्रक्षेपकाचा आणि सुराचा संबंध काय? प्रक्षेपकाच्या मुळाशी ऑसिलेटरच असतो. त्याची कंपनं सेकंदाला लाखोंनी, आपल्या सुराची शेकड्यांनी, एवढाच फरक. रशियातल्या लेव्ह थेरेमिनने १९२० च्या सुमारास असे दोन ऑसिलेटर शेजारी ठेवले आणि त्यांच्या कंपनांतल्या फरकातून ऐकू येणारा सूर काढला. रेडिओवाल्यांनीच विजेच्या वाद्याला जन्म दिला, असं मी म्हणतो ते यामुळे.

रचना समजायला सोपी आहे. नळाखाली बादली ठेवा. काठोकाठ भरली की झटक्यात उपडी करा, पुन्हा नळाखाली धरा. बादली म्हणजे कपॅसिटर, नळाची तोटी म्हणजे रेझिस्टर. सेकंदाला २४० वेळा भरली आणि रिकामी झाली, की २४० कंपनांचा सूर मिळतो. कपॅसिटर, रेझिस्टर आणि दोन-तीन ट्रान्झिस्टर, एवढ्यात तो वाजतो. वाजवणं अवघड नाहीच. सुरात ठेवणं अवघड!

अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये सिंथेसायझर बांधला. एक व्होल्ट वाढवला की कंपनं दुप्पट, म्हणजे सूर नेमका एक सप्तक वर, हा त्यांचा हिशेब. त्यासाठी ट्रान्झिस्टरचा एक उपजत गुण कामी येतो: त्याच्या तोंडाशी साधारण १८ मिलिव्होल्ट वाढले, की प्रवाह दुप्पट होतो. पण हे १८ मिलिव्होल्ट तापमानाप्रमाणे बदलतात, अंशामागे सुमारे एक तृतीयांश टक्का. ऐकायला किरकोळ. पण हिशेब करून बघा. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर एका अंशाला सप्तकामागे ४ सेंट गेले. प्रमाण श्रुती साधारण २२ सेंटची. म्हणजे तापमान पाच-सहा अंश चढलं, की एका सप्तकाच्या अंतरात एक श्रुती हरवली. म्हैसूरची हवा त्या मानाने सौम्य. नागपुरात मे महिन्यात काय होईल, विचारू नका.

असा एक मूग १९६९ मध्ये भारतातही आला, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत. डेव्हिड ट्यूडर यांनी तो जोडून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. काही वर्षांत तो मुका झाला. ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या, त्या २०१७ मध्ये पॉल पुर्गस यांच्या हाती लागल्या. आपल्या सिंथेसायझरचा इतिहास सांगणारे बहुतेक इथेच थांबतात, आणि मला ते पटत नाही. १९७९ मध्ये बंगळुरात जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. ते इंजिनियर, शिवाय बासरीवादक. मूग परदेशातून आला, हा इथल्या गरजेतून निघाला. तंबोऱ्याला सप्तकभर धावायचं नसतं, सा आणि पंचम तासन्‌तास जागच्या जागी राहिले पाहिजेत. म्हणजे ऑसिलेटरचं सगळ्यात अवघड काम, स्थिर राहणं, हेच या डब्याचं मुख्य काम. तरी त्याला आपण खेळणं समजतो.

सूर लावायचा कसा? मीटर हवाच असं नाही. सा २४० ला, पंचम ३६० जवळ आणा. साचा तिसरा स्वयंभू ७२०, पंचमाचा दुसराही ७२०. पंचम किंचित ढळला, की दोघांत लहर ऐकू येते. ती मंदावत थांबली, की पंचम लागला. पेटीच्या समान वाटणीतला पंचम ३५९.६ चा, त्यात लहर सेकंदाला एकापेक्षा कमी, खपून जाते. गंधाराचं मात्र खपत नाही. शुद्ध गंधार ३००, पेटीचा ३०२.४. पाचव्या आणि चौथ्या स्वयंभूंची टक्कर होऊन सेकंदाला नऊ-साडेनऊ लहरी उठतात. ज्यांना पेटीचा गंधार बोचतो, त्यांच्या कानाला त्याच बोचतात.

हे मोजण्याचं काम सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी ट्रान्झिस्टरच्या कितीतरी आधी केलं होतं. निवृत्त डेप्युटी कलेक्टर (निवृत्तीनंतर माणसाला असं काही सुचतं खरं!), हाताशी ताणलेली तार, आणि समोर गायला अब्दुल करीम खाँसाहेब. बावीस श्रुतींवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० चं. हेच खाँसाहेब म्हैसूर दरबारात गायला येत. त्यांच्या मिरजेत आजही तंबोऱ्याचे कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत जवारी लावतात, आणि दोरा कुठे थांबवायचा ते ऐकूनच ठरवतात.