चंद्रभागेचा पूर आणि काठचे आड : जुन्या नोंदींचा एक उपयोग

१. जुन्या कागदांत पुराची नोंद सांपडली कीं आपण तिचा उपयोग बहुधा दोन कामांसाठीं करतों : कागदाची मिति पारखण्यासाठीं, किंवा त्या सालीं पाऊसकाळ कसा होता हें सांगण्यासाठीं. यांपैकीं दुसरा उपयोग निदान पंढरपुरापुरता तरी फार जपून केला पाहिजे, असें आमचें मत आहे. शिवाय अशा नोंदींचा एक तिसराहि उपयोग आहे. या दोन गोष्टी संशोधक व संग्राहक मंडळींपुढें मांडाव्या, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु.

२. भीमा भीमाशंकराच्या डोंगरांत उगम पावते. वाटेंत तिला मुळा-मुठेचें पाणी मिळतें, नरसिंहपुराजवळ नीरा मिळते, आणि मग ती पंढरपुरास येऊन चंद्रकोरीप्रमाणें वळते. या वळणावरूनच तिला येथें चंद्रभागा म्हणतात. सोलापूर जिल्हा अवर्षणाचा; वर्षाचा सरासरी पाऊस सुमारें ५५० ते ६०० मिलिमीटर. घाटमाथ्यावर तो याच्या कितीतरी पट पडतो. त्यामुळें पंढरपुरास आभाळ कोरडें असतां पुंडलिकाचें देऊळ पाण्याखालीं गेलें, असें अनेकदां घडतें. अर्थात् 'नदीस महापूर' या शब्दांवरून त्या सालीं पंढरपूर परगण्यांत पाऊस चांगला झाला असें अनुमान काढणें म्हणजे शेजाऱ्याच्या कोठारावरून आपल्या घरच्या सुगीचा अंदाज करणें होय. जवळचें मंगळवेढें दामाजीपंतांच्या दुष्काळकथेमुळें प्रसिद्ध आहे. तेथील शेतीस आभाळाचा आधार. नदीकाठास मात्र परमुलखांतल्या पावसाचा. एका नोंदीनें दोन्ही गांवांचा निकाल लावतां येत नाहीं. उलट, १४ ऑक्टोबर २०२० रोजीं खुद्द पंढरपुरांतच अतिवृष्टि झाली आणि कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा माणसें दगावलीं. तेव्हां पाऊस येथला कीं वरला, हा प्रश्न प्रत्येक नोंदीस वेगळा विचारावा लागतो.

३. हीच गोष्ट आडांच्या नोंदींची. 'आडास पाणी चढलें' असें कोणीं लिहिलें असेल, तर तें पाणी पावसाचें कीं नदीचें, हें पाहिलें पाहिजे. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या दकार्गल प्रकरणांत, मनुष्यदेहांतील शिरांप्रमाणें भूमींतहि उदकाच्या शिरा असतात असें म्हटलें आहे. पाणी कोठें लागेल याचीं लक्षणें सांगणें हा त्याचा विषय. त्या शिरांतून पाणी किती आणि किती वेगानें जातें, याचें गणित मात्र फार पुढें झालें. फ्रान्सांतील दिजाँ गांवचा स्थापत्यविशारद आंरी दार्सी यानें १८५६ सालीं वाळूंतून पाणी झिरपवून नियम बसविला : दोन ठिकाणच्या पातळींत जितका फरक अधिक, तितका प्रवाह अधिक, आणि तेंच अंतर वाढलें तर प्रवाह कमी.

४. हा नियम चंद्रभागेस लावून पहा. उन्हाळ्यांत नदी खालीं व काठाच्या जमिनींतील पाणी थोडें वर असतें, म्हणून तें नदीकडे झिरपतें. कोरड्या पात्रांत झरा खणला असतां वाळूंतून पाणी लागतें, तें बहुतांशीं हेंच. पूर आला कीं नदी वर चढते आणि ओघ उलटतो. नदी काठांत शिरते. पूर ओसरला कीं तेंच पाणी पुनः नदीस मिळतें. आषाढ-श्रावणांत काठानें घेतलेलें पाणी कार्तिकी यात्रेच्या सुमारास नदी सावकाश परत घेत असते. काठाच्या गाळवट जमिनींत पाणी पुष्कळ मावतें. पलीकडच्या काळ्या कातळांत मात्र भेगांपुरतेंच. म्हणून नदीपासून दूरच्या विहिरीस या देवघेवीचा वांटा फारसा मिळत नाहीं.

आणखी एक नियम इतिहासकारास विशेष उपयोगी आहे. पूर चौपट दिवस टिकला, तर त्याचा परिणाम काठांत साधारण दुप्पट अंतरावर पोंचतो. आणि नदीपासून जितकें दूर जावें, तितकी आडाची चढण लहान होते व उशीरां येते. म्हणजे पूर किती उंच चढला एवढेंच नव्हे, तर किती दिवस राहिला, हेंहि महत्त्वाचें.

५. आज ही देवघेव संगणकावर मांडतात. अमेरिकेच्या भूशास्त्र-पाहणी खात्यानें १९८४ सालीं प्रसिद्ध केलेली 'मॉडफ्लो' ही प्रणाली त्यांत सर्वपरिचित आहे. भूमीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा पाण्याचा जमाखर्च ठेवावयाचा; नदीच्या चौकोनांत नदीची पातळी, भूजलाची पातळी आणि तळाच्या गाळाची झिरपण या तिहींवरून देवघेव काढावयाची. पुरानें तळाचा गाळ खरवडला तर झिरपण वाढते, गाळ बसला तर घटते. या शेवटच्या अंकाचा अंदाज फार अवघड. तो बसवावयास प्रत्यक्ष आडांच्या जुन्या पातळ्याच लागतात.

६. अडचण येथेंच आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा महाराष्ट्रांत १९७२ सालीं स्थापन झाली, आणि पंढरपूरच्या वर उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. तेव्हांपासून नदी पुष्कळ अंशीं धरणांतून सोडलेल्या पाण्यावर चालते. खडकवासलें व भाटघर हीं धरणें त्याहूनहि जुनीं. परंतु उजनीइतका भीमेचा ओघ त्यांनीं बदलला नव्हता. म्हणजे पद्धतशीर मोजणी आणि मोकळी नदी यांची गांठ जेमतेम आठ वर्षें पडली. त्यापूर्वींचा पुरावा कोठें असेल तर तो बडव्या-उत्पातांच्या, क्षेत्रोपाध्यायांच्या, व्यापाऱ्यांच्या दप्तरांत आणि पोथ्यांच्या समासांत असेल. तो गेला तर पुनः मोजून मिळणारा नाहीं, कारण मोजावयाची ती नदीच आतां राहिली नाहीं.

७. म्हणून संग्राहकांस विनंति आहे. रोजकीर्दींत किंवा पोथीच्या अखेरीस आलेली पुराची वा आडाची ओळ निरुपयोगी समजून नकलेंतून गाळूं नये. शक, मास, तिथि मूळांत असेल तशी उतरून मगच इंग्रजी तारीख द्यावी. अधिक मासाकडे लक्ष असावें. पूर कोणत्या पायरीपर्यंत आला, किती दिवस राहिला, आड कोणत्या वाड्याचा, नदीपासून किती दूर, कठड्यापासून पाणी किती हात, त्या दिवशीं गांवांत पाऊस होता कीं नव्हता, यांपैकीं जें असेल तें टिपावें. 'हात' म्हणजे किती, हें आड अजून उभा असल्यास तेथें जाऊन पडताळावें. बाडाच्या खालच्या कडेवर ओलीचा डाग असेल तर तोहि नमूद करावा. दारांत पाणी न येतांहि जमिनींतून ओल चढते, आणि तसा डाग एखादे वेळीं अक्षरांइतकाच बोलका ठरतो.

नदीकाठचे पुष्कळ आड बुजले, कांहीं बुजत आहेत. जे उरले आहेत त्यांचे कठडे व पायऱ्या कोणीं मोजून ठेविल्या, तर दप्तरांतील ओळी आणि जमिनीवरील दगड यांचा मेळ घालतां येईल. हें काम वाट पाहणारें नाहीं.