हसरा वायू आणि खुर्चीशेजारची बाई

११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेत हार्टफर्डला होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. दुखलं नाही. तेव्हापासून शंभरेक वर्षं आपण सगळ्यांनी विचार केला तो खुर्चीतल्या रुग्णाचा. हा वायू शरीरात जवळजवळ मोडतच नाही, उच्छ्वासातून जसाच्या तसा बाहेर येतो. मग तो शेजारी उभ्या मदतनीस बाईंच्या नाकात जाणार, हे उघड होतं की नाही?

१९७७ साली अमेरिकेच्या ‘नायॉश’ संस्थेने मर्यादा सुचवली: हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग. १९९२ साली कॅलिफोर्नियातल्या दंत-मदतनिसांचा अभ्यास आला. वायू खेचून घेण्याची सोय नसलेल्या खोलीत आठवड्याला पाच तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांच्या ४१ टक्केच दिसली. सोय होती तिथे असा फरक दिसला नाही. आमच्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच.

मुक्ताईच्या गावात ‘ताटी उघडा’ म्हणणं सोपं! पण खानदेशच्या मे महिन्यात खिडकी कोण उघडी ठेवील? आणि स्प्लिट एसी तर खोलीतलीच हवा फिरवतो. म्हणून नाकावरच्या दुहेरी मास्कमधूनच मिनिटाला ४५ लिटर हवा ओढून घ्यायची, वर खोलीतही ताजी हवा खेळती ठेवायची. ओढलेली हवा नळीने छपरावर सोडायची, कूलरजवळ नाही. नाहीतर कूलर तीच परत आत घेतो.